मालवाहू ७४७ च्या जंपसीटवरून हाँगकाँग ते शिकागो: निघण्याआधी काय माहीत असावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एका मालवाहू विमान कंपनीच्या बिलिंग विभागात काम करता. कंपनीने तुम्हाला हाँगकाँगहून अलास्कातल्या अँकरेजमार्गे शिकागोला ७४७ फ्रेटरच्या, म्हणजे मालवाहू विमानाच्या, जंपसीटवर (कॉकपिटमधल्या किंवा त्यामागच्या जादा सीटवर) जायची परवानगी दिली आहे. बसायला कुठे मिळतं, झोपता येतं का, शाकाहारी जेवणाचं काय, थंडी वाजते का, घाबरण्यासारखं काही आहे का, माल बघता येतो का, आणि वैमानिकांसाठी काही न्यावं का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी पायलट नाही, विमानाचा इंजिनिअर आहे. ज्या विमानतळावर कंपनीचा स्वतःचा मेंटेनन्सवाला नसतो तिथे विमानासोबत जायचं, उतरल्यावर तपासणी करायची, सही करायची आणि त्याच विमानात बसून पुढे निघायचं, हे माझं काम. म्हणजे वर्षानुवर्षं मी बसतोय ते याच जागी: कॉकपिटच्या आत किंवा लगेच मागे, कागदावर क्रूच्या खालोखाल, पण उडवण्याशी काडीचा संबंध नसलेला. तुम्ही जे विचारताय ते मला त्या सीटवरूनच माहीत आहे.

सगळ्यात आधी मनाशी हे धरा की तुम्ही प्रवासी म्हणून जात नाही आहात. हे विमान मालासाठी उडतंय. माल उशिरा आला तर ते उशिरा निघेल, मालाला १५ अंश लागत असतील तर खाली १५ अंश असतील, आणि तुमच्या पट्ट्याची, पाण्याची, झोपेची, मास्कची आठवण करून द्यायला कोणी येणार नाही. वैमानिक सज्जन असतात, मदत करतात, पण त्यांना दुसरं काम आहे. हे एकदा स्वीकारलं की फेरी फार मजेची होते. न स्वीकारता आलेला माणूस पहिल्या दोन तासांतच कंटाळतो आणि मग सगळ्यांना कंटाळा आणतो.

आता कागद, कारण जंपसीटवाले अडकतात ते बहुतेक वेळा तिथेच. आमच्याकडे तुमच्यासारख्याला 'सुपर' म्हणतात, सुपरन्युमररीचं, म्हणजे क्रूव्यतिरिक्तच्या जादा माणसाचं, लघुरूप. अमेरिकी नियमांत मालवाहू विमानातून कोणाला नेता येतं याची यादीच आहे: कंपनीचे कर्मचारी, जनावरांसोबतची माणसं, धोकादायक किंवा मौल्यवान मालासोबतची माणसं, सरकारी निरीक्षक, वगैरे. अशांना नेताना प्रवासी वाहतुकीचे नियम लागू होत नाहीत. ऐकायला ही सवलत वाटते, पण प्रवासी विमानात प्रवाशांसाठी ज्या सोयी आणि जी माणसं सक्तीची असतात ती इथे नसतात, असाही तिचा अर्थ आहे. तुमचं नाव जनरल डिक्लेरेशनवर, म्हणजे 'जेनडेक'वर, वैमानिकांच्या खाली छापलेलं असेल. शिवाय अमेरिकेला जाणाऱ्या मालवाहू विमानातल्या प्रत्येक माणसाचा तपशील, तो क्रू असो वा नसो, तिथल्या कस्टम्सकडे आधीच गेलेला असावा लागतो. ऐन वेळी नाव घुसवता येत नाही.

व्हिसाबद्दल बरेच जण गाफील असतात. अमेरिकेत 'मी ट्रान्झिटमध्येच बसून राहतो' ही सोय नाही. अँकरेजला चाकं टेकली की इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच होतात, मग तुम्ही त्याच विमानाने पुढे शिकागोला जाणार असलात तरी. तुम्हाला कुठल्या प्रकारचा व्हिसा चालेल हे तुमच्या कंपनीच्या क्रू विभागाला लेखी विचारा. बाहेरच्या ट्रॅव्हल एजंटला जंपसीट म्हणजे काय हेच माहीत नसतं.

आणि सगळे शिक्के मारून झाल्यावरही शेवटचा शब्द कॅप्टनचा. तो कारण न देता नाही म्हणू शकतो. म्हणून भेटल्याबरोबर स्वतःहून ओळख करून द्या, ओळखपत्र दाखवा आणि 'तुमच्याबरोबर येऊ का' असं विचारा. परवानगीचं पत्र खिशात असलं तरी विचारा. ही या धंद्यातली रीत आहे, आणि ती पाळली की पुढचे दहा तास सुखाचे जातात.

तुमची पिशवी तपासली जाईल, कदाचित दोनदा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ७ एप्रिल १९९४ रोजी मेंफिसहून सॅन होजेला निघालेल्या फेडएक्सच्या डीसी-१० मध्ये जंपसीटवर कंपनीचाच एक माणूस बसला होता. त्याच्याजवळच्या गिटारच्या पेटीत हातोडे आणि मासे मारायची भाल्याची बंदूक होती. उड्डाण झाल्यावर त्याने तिन्ही क्रूवर हल्ला केला. डोकी फुटलेल्या अवस्थेत त्यांनी त्याला आवरलं आणि विमान परत मेंफिसला उतरवलं. तिघंही वाचले, पण पुन्हा कधी व्यावसायिक उड्डाण करू शकले नाहीत. मालवाहू क्रूमधल्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असते. तुमच्याकडे बघताना ती कुठेतरी त्यांच्या डोक्यात असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

विमान बहुधा रात्रीचं असेल. दिवसभर कारखाने आणि गोदामं माल बांधतात, संध्याकाळी तो विमानतळावर येतो, रात्री चढतो. छापलेली वेळ ही आशा समजा. शिकागोला उतरून तीन तासांत पुढचं विमान पकडायचं, असं तिकीट काढू नका. नातेवाइकांच्या लग्नाला तर या मार्गाने जाऊच नका.

रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या आवारात, जाताना बंद बूट, चमकणारं जॅकेट आणि कानात बोळे हवेत. तुम्हाला गाडी विमानाजवळ सोडेल तेव्हा बहुधा लोडिंग चालूच असेल. हाय-लोडर हे उचलयंत्र पॅलेट, म्हणजे माल बांधलेला सपाट पत्रा, वर उचलतं, मग ते रोलरवरून आत सरकतं. पाच टनांचं पॅलेट रोलरवर आलं की तीन-चार माणसं हाताने ढकलू शकतात. पण तेच पॅलेट सरकायला लागलं की त्यातल्या कोणालाही ते हाताने थांबवता येत नाही. त्याच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका. विमानाच्या शेपटीखाली खांब उभा केलेला दिसला तर तो माझ्या बिरादरीचा आहे: मागे जास्त माल आणि पुढे रिकामं अशी स्थिती क्षणभर जरी आली तरी ७४७ मागे कलंडू शकतं, आणि तसं ते पूर्वी कलंडलेलंही आहे.

मेन डेकचा, म्हणजे मालाच्या मुख्य मजल्याचा, दरवाजा जमिनीपासून साधारण पाच मीटरवर. तिथून आत गेलात की समोर मालाची भिंत दिसते आणि एका बाजूला, माळ्यावर चढायला असते तशी शिडी. त्या शिडीने अपर डेकवर, म्हणजे वरच्या मजल्यावर, जायचं. हातात बॅग घेऊन ती चढता येत नाही, म्हणून पाठीवरची सॅकच आणा. वर कॉकपिट, दोन बंक (झोपायच्या जागा), एक टॉयलेट, छोटी गॅली (जेवण गरम करायचा कोपरा) आणि काही सीटा. सीटांची संख्या आणि मांडणी कंपनीगणिक बदलते. ७७७ फ्रेटर असतं तर शिडी नसती. तिथे सगळं एकाच मजल्यावर आहे, कॉकपिटच्या मागे चार चांगल्या रुंद सीटा आणि त्यांच्यामागे मालाला अडवणारी भक्कम भिंत. आरामाचं म्हणाल तर ७७७ केव्हाही बरं. पण ७४७ च्या पुढच्या भागावरचा तो उंचवटा मुळात मालासाठीच आला. साठच्या दशकात बोइंगने हे विमान आखताना गृहीत धरलं होतं की पुढे प्रवासी ध्वनीहून वेगवान विमानांनी जातील आणि ७४७ माल वाहील. नाकाचा दरवाजा वर उघडून लांबलचक वस्तू सरळ आत घालता यावी म्हणून कॉकपिट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. ३१ जानेवारी २०२३ रोजी कारखान्यातून सुपूर्द झालेलं शेवटचं ७४७ सुद्धा फ्रेटरच होतं.

आता सुरक्षेची माहिती. निघण्याआधी वैमानिकांपैकी कोणीतरी तुम्हाला पाच-दहा मिनिटं देईल. तेवढा वेळ फोन खिशात ठेवा. चार गोष्टी दाखवून घ्या आणि स्वतःच्या हाताने करून बघा: पट्टा, मास्क, दरवाजा, छतावरची झडप.

जंपसीटचा पट्टा पाच टोकांचा असतो. लावायला सोपा, पण अंधारात सोडताना गडबड होते, म्हणून डोळे मिटून दोनदा सोडून बघा. अपर डेकच्या दरवाजाला घसरगुंडी आहे. ती कशी उघडते ते समजून घ्या. तो दरवाजा निकामी झाला तर कॉकपिटच्या छतात झडप आहे. तिच्याजवळ हँडल लावलेल्या दोरांची रिळं असतात. हँडल धरायचं आणि बाहेर पडायचं. रीळ तुम्हाला ठरावीक वेगाने खाली सोडतं. जमीन बरीच खाली असते. हे कल्पनेत अवघड वाटतं, म्हणून हँडल कुठे अडकवलेलं आहे ते आधी हाताने चाचपून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचा मास्क, आणि हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण मालवाहू विमान इथे प्रवासी विमानाहून अगदी वेगळं वागतं. पोटातल्या खालच्या कप्प्यांत आग विझवणारा गॅस सोडता येतो. पण मेन डेक एवढा प्रचंड असतो की बहुतेक फ्रेटरमध्ये तिथे तशी सोय नसते. मेन डेकवर आग लागली तर तिथली हवा बंद करायची, विमानातला दाब सोडून द्यायचा आणि साधारण २५,००० फुटांवर राहायचं. ऑक्सिजन विरळ झाला की आग मंदावते. पण त्याच हवेत तुम्हीही असता. त्या उंचीवर मास्कशिवाय माणसाचं डोकं नीट चालतं ते जेमतेम तीन ते पाच मिनिटं. म्हणजे मास्क हीच तुमची हवा, आणि धूर असेल तर तो १०० टक्के ऑक्सिजनवर कसा ठेवायचा हे माहीत हवं. टॉयलेटकडे किंवा शिडीकडे गेलेले असाल तर जवळची हातात धरायची ऑक्सिजनची बाटली कुठे आहे, हेही.

हे पुस्तकी नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये मेन डेकवर आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. कॉकपिटमध्ये इतका धूर आला की समोरची उपकरणं दिसेनात, आणि दोन्ही वैमानिक गेले. त्यानंतर नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा माल प्रवासी विमानांतून न्यायला बंदी आहे. त्या फक्त मालवाहू विमानातून जातात, तेही ३० टक्क्यांहून जास्त चार्ज नसलेल्या. म्हणजे बंदीमुळे तो माल आमच्याकडे आला. तुमच्या फेरीत खाली तो असण्याची शक्यता चांगलीच आहे. कॅप्टनच्या हातात 'नोटॉक' नावाचा कागद असतो, त्यात धोकादायक माल कुठला, किती, कुठल्या पॅलेटवर, हे सगळं लिहिलेलं असतं. विचारलंत तर बरेच कॅप्टन दाखवतात.

घाबरवायला सांगत नाही. मी दर वेळी या विमानात बसतो आणि निवांत बसतो. मुद्दा एवढाच की तुमची पॉवर बँक सीटच्या फटीत पडू देऊ नका, आणि जळका, गोडसर, रसायनासारखा, कसलाही नवा वास आला तर लगेच बोला. मागे बसलेल्या माणसाच्या नाकाला तो आधी लागू शकतो. 'माझा गैरसमज असेल' म्हणून गप्प बसणं हा इथला चांगुलपणा नव्हे. तसंच टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालत असताना, एखादं वाहन किंवा विमान फार जवळ वाटलं तर सांगा. एरवी मात्र १०,००० फुटांच्या खाली, चढताना आणि उतरताना, तोंड बंद. तेव्हा कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलत नाहीत. जंपसीटवर बसायचं बोलावणं आलं तर हेडसेट लावा आणि ऐका. इतक्या मोजक्या शब्दांत माणसं काम करू शकतात हे बघण्यासारखं आहे.

तुम्ही बिलिंगचे आहात म्हणून उड्डाणाचं गणित तुमच्या भाषेत सांगतो. ७४७-४००एफ जास्तीत जास्त ३९७ टनांपर्यंत उडू शकतं. रिकामं विमान साधारण १६५ टन, माल भरगच्च असेल तर ११३ टन. उरले ११९ टन, ते इंधनासाठी. टाक्यांत जागा १६० टनांच्या आसपास आहे, पण भरता येत नाही, कारण वजनाची मर्यादा आधी येते. विमान तासाला दहा-अकरा टन पितं. राखीव इंधन बाजूला ठेवलं की भरलेलं विमान आठ हजार किलोमीटरच्या थोडंसं पुढे जाऊ शकतं. हाँगकाँग ते अँकरेज ८,१५० किलोमीटर आहे. हाँगकाँग ते शिकागो थेट १२,५०० किलोमीटर. थेट जायचं तर जास्तीच्या इंधनासाठी बराच माल खाली ठेवावा लागेल, आणि त्या मालाचं बिल तुम्हाला करता येणार नाही. अलास्कातल्या थंडीत रात्रंदिवस फ्रेटरांची रांग लागलेली असते ती याच हिशोबाने.

पण ११३ टन दर वेळी भरत नाहीत. चीनमधून येणारा ऑनलाइन खरेदीचा माल फुगीर असतो. तुम्ही ६,००० घन सेंटिमीटरला एक किलो धरून चार्जेबल वेट, म्हणजे बिलासाठीचं वजन, लावता ना, ते का, हे मेन डेक बघितल्यावर कळतं: पॅलेट छतापर्यंत पोहोचलेलं असतं आणि वजन जेमतेम दोन-अडीच टन. विमान वजनाने नाही, जागेने भरतं. उंची बाजूच्या दरवाजातून जास्तीत जास्त तीन मीटर मिळते. नाकाच्या बाजूला, तुमच्या सीटच्या बरोबर खाली, कॉकपिटमुळे छत बसकं असल्याने अडीच मीटरही नाही.

उड्डाण स्वतः अनुभवण्यासारखं. पूर्ण वजनाचं ७४७ धावपट्टीवर घाई करत नाही. हाँगकाँगची धावपट्टी ३,८०० मीटरची आहे आणि तिचा बराच भाग वापरला जातो. वर गेल्यावरही विमान लगेच ३८,००० फूट गाठत नाही. सुरुवातीला जड असतं म्हणून खालीच राहतं, आणि इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने चढतं.

मग शांतता. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं इथे आहेत.

झोप: बंक वैमानिकांचे. या लांबीच्या टप्प्याला दोनहून जास्त वैमानिक असतात आणि ते आळीपाळीने झोपतात. रिकामा बंक दिसला तरी कॅप्टनने सांगितल्याशिवाय चढू नका. सीट मागे करून झोपायची तयारी ठेवा. कानात बोळे, डोळ्यांवर पट्टी, मानेखाली घ्यायला काहीतरी.

थंडी: अपर डेकचं तापमान वेगळं नियंत्रित होतं, पण जमीन आणि भिंत गार पडते, पायांना ते आधी कळतं. जाड मोजे. हवा वाळवंटासारखी कोरडी असते, तेव्हा पाणी पीत राहा. टॉयलेट एकच आहे. उतरायला सुरुवात होण्याच्या बराच आधी उरकून घ्या, कारण त्या वेळी वैमानिकांचीही तीच घाई असते.

जेवण: ट्रे आधी मागवलेले असतात, आणि गॅलीत ओव्हन असतो. शाकाहारी हवं तर क्रू केटरिंगला आधी कळवावं लागतं. जेनडेकवर नाव गेलं म्हणजे ताटही आलं, असं नसतं. फ्रिजमधून ट्रे उचलण्याआधी विचारा. कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर बहुधा मुद्दाम वेगवेगळं जेवतात, दोघांचं पोट एकदम बिघडू नये म्हणून. तुम्ही भूक लागली म्हणून त्यातला एक उचललात तर ती योजना कोसळते. त्यांच्यासाठी कॉफी करून देणं हा मात्र आमच्याकडे उत्तम शिष्टाचार. कप उपकरणांच्या मधल्या भागावरून पुढे करू नका, खिडकीच्या बाजूने द्या. कॉफी सांडलेला रेडिओ पॅनल बदलायचं काम नंतर माझ्यासारख्यालाच लागतं.

माल बघायचा असेल तर विमान समतल झाल्यावर, कॅप्टनला विचारून, कोणाला तरी सोबत घेऊन आणि ऑक्सिजनची बाटली बरोबर घेऊन खाली जा. एकटे कधीच नाही. खाली खिडक्या नाहीत. आवाज वरच्यापेक्षा बराच जास्त. पॅलेट आणि भिंतीच्या मधली वाट इतकी अरुंद की पोट आत घ्यावं लागतं. जाळ्यांचे पट्टे, जमिनीतली कुलपं, नारिंगी लेबलं, सगळं बघा, हात कशालाच लावू नका. मालाप्रमाणे जागेचा स्वभाव बदलतो. नैरोबीहून फुलं आणताना खाली शिरलं की गारवा आणि गुलाबाच्या देठांचा हिरवट वास. नॉर्वेहून सामन मासा आणताना बर्फ. घोडे असतील तर खाली गवताचा, शेणाचा ऊबदार वास, आणि घोड्यांची माणसं तासातासाला शिडीवरून खाली-वर. टोकियो ऑलिंपिकला युरोपातले घोडे बेल्जियममधल्या लिएजहून दुबईमार्गे असेच फ्रेटरने गेले होते. घोडे असले की वैमानिक वळणं आणि ब्रेक हलक्या हाताने घेतात. आपल्यासाठी एवढं कोणी करत नाही. सुका बर्फ बराच असेल तर खाली कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. अशा वेळी कॅप्टन नको म्हणाला तर हट्ट धरू नका.

फोटो काढायला बहुतेक जण हो म्हणतात. मालाची लेबलं, कागदपत्रं आणि वैमानिकांचे चेहरे विचारल्याशिवाय नकोत, आणि विमान हवेत असताना काहीही टाकू नका.

बाहेर काय दिसतं? तैवान, जपान मागे पडलं की बराच वेळ काही नाही. डाव्या हाताला लांब कामचाटका, मग अॅल्युशियन बेटं. हिवाळ्यात आकाश स्वच्छ असेल तर उत्तरेकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे, ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो. कॉकपिटमधले दिवे मंद करायला सांगू नका, ते स्वतःच करतील. तुम्ही फक्त स्वतःच्या फोनचा उजेड बंद ठेवा. पूर्वेकडे जात असल्यामुळे रात्र लवकर संपते. वाटेत आंतरराष्ट्रीय दिनरेषा ओलांडता, त्यामुळे हाँगकाँगहून रात्री दहाला निघालात तर अँकरेजला पोहोचाल त्याच तारखेच्या दुपारी. घरी फोन करताना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई म्हणेल की निघालाच नाहीस.

अँकरेजकडे उतरताना झोपू नका. हवा साफ असेल तर कुक इनलेटच्या पश्चिमेला ज्वालामुखींची रांग दिसते. त्यातला रिडाउट आम्ही इंजिनवाले विसरत नाही. १५ डिसेंबर १९८९ रोजी केएलएमचं एक ७४७ त्याच्या राखेच्या ढगात शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. राख म्हणजे काचेचे बारीक कण. इंजिनाच्या ज्वलनकक्षात ते वितळतात आणि टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन थिजतात. वैमानिकांनी इंजिनं पुन्हा सुरू केली आणि विमान अँकरेजला सुखरूप उतरलं.

अँकरेजला इंधन भरेपर्यंत आणि क्रू बदलेपर्यंत दोनेक तास जातात, बर्फ पडत असेल तर पंख धुवायला आणखी वेळ. माल उतरवायचा-चढवायचा असेल तर मोठे दरवाजे उघडतात आणि बाहेरचे उणे पंधरा अंश सरळ शिडीवरून वर येतात. जाड जॅकेट सॅकमध्ये वरच्या बाजूला ठेवा. इमिग्रेशन झाल्यावर परत आलात की कॉकपिटमध्ये वेगळे चेहरे असतील. पुन्हा ओळख, पुन्हा 'येऊ का', पुन्हा मास्क आणि झडप बघणं. पहिला कॅप्टन हो म्हणाला हे दुसऱ्यावर बंधनकारक नाही. शिकागोचा टप्पा साडेचार हजार किलोमीटरचा, सहा तासांच्या आत संपतो, आणि त्यात तुम्ही बहुधा झोपलेले असाल.

राहिला प्रश्न काय न्यावं याचा. न्या. रात्रभर जागणाऱ्या माणसांना घरचं कोरडं खाणं फार आवडतं: बाकरवडी, शंकरपाळे, चकली, भडंग. कोल्हापुरी भडंग मात्र तिखट बेताचं. दोन डबे करा, एक पहिल्या क्रूसाठी, एक अँकरेजनंतरच्यासाठी, आणि अँकरेजच्या कस्टम्सच्या फॉर्मवर 'खाद्यपदार्थ आहेत' असं न लाजता लिहा. लिहिलं तर बहुधा बघून सोडतात, लपवलं तर दंड होतो. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं नकोत, गॅलीतलं केळं किंवा सफरचंदसुद्धा खिशात घालून उतरू नका. आंब्याचे दिवस असतील आणि हापूस न्यावासा वाटला, तर तोही नको. अमेरिकेत आत जाणाऱ्या हापूसच्या पेट्या लासलगाव किंवा वाशीसारख्या केंद्रात विकिरण होऊन, तपासून, शिक्का घेऊन निघालेल्या असतात. सॅकमधल्या आंब्याला तो शिक्का मिळत नाही.